टेप पाठीवरूनही जातो : छाती कमावण्याच्या व्यायामाचा आढावा

पोलीस भरतीच्या मैदानावर छातीचं माप दोनदा घेतात. पोरगा सदरा काढून उभा राहतो, हात वर करतो; टेप पाठीवरून फिरवून काखेखालून पुढे आणला की हात खाली सोडतो. पहिलं माप न फुगवता. महाराष्ट्रात पुरुष शिपायाला ते किमान ७९ सेंटिमीटर लागतं. मग माप घेणारा म्हणतो, ‘फुगव.’ पोरगा श्वास ओढतो, मान ताठ होते, चेहरा लाल होतो. टेप अजून किमान ५ सेंटिमीटर सरकला पाहिजे. ७८ भरली तर वर्षभराची धावपळ तिथेच संपते. म्हणून तालुक्याच्या गावातल्या भरती अकॅडम्यांत पहाटेचं धावणं उरकलं की पोरं पालथी पडून जोर मारू लागतात.

शहरातल्या जिममध्ये टेप नसतो, आरसा असतो. तिथे सोमवार म्हणजे चेस्ट. संध्याकाळी सातला बेंच रिकामा मिळणं कठीण. एकाचा सेट चालू असतो, दोघे टॉवेल टाकून नंबर लावून बसलेले असतात. मैदानावरच्या पोराला काय आणि या दोघांना काय, हवी आहे छातीच. पण टेप छातीभोवती फिरतो तेव्हा अर्धा पाठीवरून जातो, हे पहिल्याच्या ध्यानात येत नाही. आणि दुसऱ्याला आरशात पाठ दिसतच नाही. छाती कमावण्याबद्दल आखाड्यात, जिममध्ये आणि प्रयोगशाळेत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे काही हाती लागलं, त्याचा हिशेब मांडायला बसलं की पुन्हा पुन्हा या न दिसणाऱ्या अर्ध्यापाशी यावं लागतं.

हातपंखा आणि त्याची मूठ

छातीवर हात ठेवल्यावर जो मांसल भाग लागतो, तो मुख्यतः एकाच मोठ्या स्नायूचा. डावीकडे एक, उजवीकडे एक. वैद्यकाच्या पुस्तकात त्याचं नाव पेक्टोरॅलिस मेजर, जिममध्ये नुसतं पेक्स. आकार ताडाच्या हातपंख्यासारखा. पंख्याची रुंद कड गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या आतल्या अर्ध्यावर, छातीच्या मधल्या हाडावर आणि वरच्या बरगड्यांच्या कूर्चांवर बसलेली असते. तिथून निघालेले तंतू काखेकडे गोळा होत जातात आणि पंख्याची मूठ जिथे असावी तिथे, दंडाच्या हाडाला वरच्या बाजूने, एका चपट्या कंडरेने चिकटतात. चिकटताना कंडरेला पीळ पडतो. खालच्या बरगड्यांकडून आलेले तंतू मागच्या बाजूने चढून सर्वांत वर जाऊन बसतात. हा पीळ लक्षात ठेवावा, पुढे दुखापतीच्या गोष्टीत तो परत येणार आहे.

या स्नायूचं काम सोपं आहे: दंड शरीरासमोर आणणं आणि आत वळवणं. टाळी वाजवणं, मिठी मारणं, पंजा लढवणं, बंद पडलेली गाडी ढकलणं, सगळीकडे तोच राबतो. ढकलताना खांद्याचा पुढचा भाग आणि दंडामागचा ट्रायसेप्स त्याला हात देतात. काखेखाली बरगड्यांवर बोटांसारखे दिसणारे दुसरे स्नायू खांद्याचं फावडं पुढे सरकवतात. बॉक्सरच्या अंगावर ते ठळक दिसतात.

एवढ्या रचनेवरून जिममधल्या दोन जुन्या वादांचा निकाल लागतो. एक, ‘आतली छाती’. तंतू मधल्या हाडापासून दंडापर्यंत जातात, त्यामुळे त्यांचं फक्त आतलं टोक वाढवणारा व्यायाम असूच शकत नाही. दोन्ही बाजूंच्या मधली रेघ रुंद की अरुंद, हे स्नायू हाडाला कुठे चिकटला आहे त्यावर ठरतं आणि ते जन्माबरोबर येतं. दुसरा वाद ‘वरच्या छाती’चा, आणि त्यात तथ्य आहे. गळ्याखालच्या हाडावरून निघणाऱ्या तंतूंची दिशा वेगळी असते. बेंचची पाठ तिरकी केली की भार त्यांच्याकडे सरकतो. स्नायूंतले विद्युतसंकेत मोजणाऱ्या अभ्यासांत साधारण ३० अंशांचा तिरकेपणा सोयीचा दिसला आहे. ४५ अंशांच्या पलीकडे गेलं की काम खांद्याच्या पुढच्या भागाकडे जातं आणि छाती आराम करते.

लाल मातीतली छाती

आपल्याकडे छाती कमावण्याचा रस्ता तालमीतून जायचा. पण तालमीत कुणी छातीचा व्यायाम असा वेगळा करत नसे. पैलवान ‘मेहनत’ करायचा: जोर, बैठका, सपाट्या, मुद्गल आणि करेल फिरवणं, दोर चढणं, हौद्याची माती फावड्याने खणून वरखाली करणं. गामा पैलवान रोज हजारोंनी जोर-बैठका काढत असे, ही गोष्ट आजही सांगितली जाते. आकडा खरा किती आणि कौतुकाचा किती हे बाजूला ठेवू. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान १९१२ साली उभं केलं, तेव्हा त्या मातीत उतरणाऱ्यांच्या छात्या याच मेहनतीतून आलेल्या होत्या.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही मेहनत तालमीतून मध्यमवर्गाच्या आवारात आली. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४चं, दादरचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५चं. बडोद्याला दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. पहिला १९३६ साली आला, शेवटचा १९४९ साली. याच काळात पश्चिमेकडचं वारंही वाहत होतं. बलदंड युजेन सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानचा दौरा करून गेला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी काही वर्षं सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला आणि मग सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला. त्या नमस्कारात छाती जमिनीला टेकवून वर उठण्याचा जो भाग येतो, तो जोराचाच सख्खा भाऊ.

आता जोर आणि आजचा पुशअप यांतला फरक. पुशअपमध्ये शरीर फळीसारखं सरळ राहतं, सरळ खाली जातं, सरळ वर येतं. जोरात कमर उंच असते, तिथून छाती झोका घेत जमिनीलगत पुढे जाते, मान वर येते आणि मग कमर पुन्हा मागे. त्यामुळे छातीवरचा भार सलग राहत नाही. तो खांदे, दंड, पाठ आणि कमर यांत वाटला जातो. नुसती छातीची जाडी हवी असेल तर सरळ पुशअप जास्त थेट लागू पडतो. पण जोर मारताना खांदा जितका फिरतो आणि पाठीचा कणा जितका मोकळा होतो, तितका पुशअपमध्ये होत नाही.

तालमीचं खरं शहाणपण तिच्या यादीत आहे. जोर हे ढकलण्याचं काम. दोर चढणं, करेल खांद्यावरून मागे सोडून पुढे आणणं, फावडं ओढणं आणि समोरच्याला मानेने खाली खेचणं हे ओढण्याचं. दिवसभराच्या मेहनतीत दोन्ही बाजू आपोआप भरून निघत. कुणी वहीत मांडून ठेवलं नव्हतं, तरी हिशेब जुळत होता.

बेंच आला आणि सोमवार ठरला

गंमत म्हणजे बेंचप्रेसचा एक पूर्वजही पैलवानच. एस्टोनियात जन्मलेला जॉर्ज हॅकेनश्मिट १८९०च्या दशकाच्या अखेरीस जमिनीवर उताणा झोपला आणि ३६१ पौंडांचा, म्हणजे जवळपास १६४ किलोंचा दांडा त्याने छातीवरून वर ढकलला. तेव्हा खाली बाक नव्हता, कोपर जमिनीला टेकत. बाक नंतर आला. १९५३ साली कॅनडाच्या डग हेपबर्नने ५०० पौंड उचलले आणि उताण्याने दांडा ढकलणं हे ताकदीचं माप होऊन बसलं. पुढे पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट आणि डेडलिफ्टच्या सोबतीने ते अधिकृत झालं; त्या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९७२चा.

बेंचची मोठी सोय म्हणजे वजन थोडंथोडं वाढवता येतं. जोरांत आकडा वाढतो, वजन आपल्याच शरीराचं तेवढंच राहतं. दांड्याला अडीच किलोची प्लेट दोन्ही बाजूंनी लावली की पाच किलो वाढले, वहीत नोंद झाली, पुढच्या महिन्यात परत पाच. हळूहळू वाढणाऱ्या ओझ्याचा हा नियम स्नायू वाढवण्याच्या सगळ्या शास्त्राचा पाया आहे. तोटा असा, की शेजारचा किती मारतो हेही दिसतं, आणि मग वजन वाढतं, हालचाल मात्र अर्धी होते. दांडा छातीच्या वीतभर वरूनच परत फिरतो, किंवा बरगड्यांवर आपटून चेंडूसारखा उसळतो. ‘ब्रो, शंभर मारला,’ असं ऐकू येतं. शंभरातले किती छातीने मारले आणि किती उसळीने, ते दांड्यालाच ठाऊक.

नीट बेंच मारणं असं: दोन्ही पाय जमिनीवर घट्ट. खांद्याची फावडी मागे आणि खाली खेचून बाकावर रोवलेली, जणू त्यांच्यामध्ये पेन्सिल धरली आहे. कोपरं धडापासून काटकोनात फाकवायची नाहीत, ४५ ते ७५ अंशांत ठेवायची. दांडा सावकाश खाली आणून स्तनाग्रांच्या किंचित खाली टेकवायचा आणि तिथून ढकलायचा. अंगठा दांड्याभोवती गुंडाळलेलाच हवा. अंगठा न गुंडाळता धरायच्या पकडीला इंग्रजीत आत्महत्येवरून नाव पडलंय, ते उगीच नाही: दांडा तळहातावरून निसटला तर खाली गळा असतो. मागे उभा राहणारा जोडीदार नसेल तर सुरक्षा दांड्या लावलेला रॅक घ्यावा, नाहीतर सरळ डंबेल उचलावेत.

किती वजन, किती सेट

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या विषयावर बरंच संशोधन झालं आणि तालीम विरुद्ध जिम या भांडणातली हवा त्याने काढून घेतली.

पहिली गोष्ट वजनाची. बरीच वर्षं असं मानत की आठ ते बारा रेप्समध्येच स्नायू वाढतो. कमी रेप्समध्ये ताकद, जास्त रेप्समध्ये नुसता दम. अनेक प्रयोगांची एकत्रित छाननी झाली तेव्हा दिसलं की एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ३० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत कोणतंही वजन घ्या, स्नायूची जाडी जवळपास सारखीच वाढते. अट एकच: सेट अशा ठिकाणी संपला पाहिजे की पुढे फार तर एक-दोन रेप्स निघतील. वजन २० टक्क्यांपर्यंत उतरलं की मात्र फायदा घटतो. कमाल ताकद वाढवायची असेल तर जड वजनाला पर्याय नाही. पण छातीच्या जाडीसाठी पन्नास किलोंचे दहा आणि तीस किलोंचे पंचवीस यांत फारसं डावं-उजवं नाही, दोन्हीकडे शेवटचे चार-पाच घाम काढत असतील तर. दोनशे जोर मारणाऱ्याची छाती का थांबते, याचं उत्तरही यातच आहे. त्याचे पहिले दीडशे सहज निघतात, आणि सहज निघणाऱ्या जोरांनी दम वाढतो, छाती फारशी नाही.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. एका स्नायूला आठवड्याला दहा किंवा जास्त सेट दिले तर पाचपेक्षा कमी सेटांच्या तुलनेत वाढ अधिक दिसते. हे दहा एकाच सोमवारी मारले काय किंवा सोमवार-गुरुवार वाटले काय, एकूण सारखं असेल तर फरक थोडाच पडतो. पण एका बैठकीत बारावा सेट येईपर्यंत जोर ओसरलेला असतो, म्हणून वाटून घेणं व्यवहाराला बरं. दोन सेटांमध्ये दोन-तीन मिनिटं थांबायला लाजू नये. फोन बघत दहा मिनिटं नव्हे, पण धापा टाकत अर्ध्या मिनिटात परत बेंचवर पडल्याने पुढच्या सेटमध्ये रेप्स कमी निघतात, एवढंच होतं.

तिसरी गोष्ट काळाची. पहिल्या काही आठवड्यांत वजन झपाट्याने वाढतं आणि पोरं हुरळतात. ती वाढ बरीचशी मेंदू आणि नसांची असते. आहेत तेच तंतू जास्त संख्येने आणि एका सुरात कामाला लागतात. जाडी टेपला जाणवायला दीड-दोन महिने लागतात, आरशाला त्याहून जास्त. तंतूंची संख्या जवळपास तीच राहते, एकेक तंतू जाड होत जातो. महिन्याभराने ‘काही फरक नाही’ म्हणून जिम सोडणाऱ्यांनी दुकान उघडायच्या आत शटर ओढलेलं असतं.

मशीन की मोकळं वजन, या वादातही जाडीच्या बाबतीत फरक नगण्य निघाला आहे. नवख्याला मशीन सोपं पडतं, एवढंच.

ओटा, फरशी आणि खाट

जिमची फी परवडत नसेल किंवा जिमच नसेल, तरी छाती अडत नाही. साध्या पुशअपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे ६४ टक्के भार येतो, असं मोजमाप झालेलं आहे. साठ किलोंचा मुलगा म्हणजे अडतीस किलोंच्या आसपास ढकलत असतो. गुडघे टेकवले तर भार ४९ टक्क्यांवर येतो. हात साठेक सेंटिमीटर उंचीवर ठेवले तर ४१ टक्के, आणि उलट पाय तेवढेच उंच ठेवले तर ७४ टक्के.

म्हणजे घरातच एक जिना तयार आहे. ज्याला एकही निघत नाही त्याने भिंतीपासून सुरुवात करावी, मग स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकवून, मग खाटेच्या कडेवर, मग फरशीवर. फरशीवर सलग पंचवीस निघू लागले की पाय खाटेवर जातात. त्यानंतर पाठीवर पुस्तकांनी भरलेलं दप्तर. दर पायरीवर छाती पूर्ण खाली गेली पाहिजे आणि कमर झोळीसारखी लोंबता कामा नये. जपानमधल्या एका प्रयोगात कमाल वजनाच्या ४० टक्क्यांचा बेंचप्रेस आणि तेवढ्याच भाराला जुळवलेला पुशअप यांची आठ आठवडे तुलना झाली. छातीची जाडी दोन्ही गटांत सारखीच वाढली. भरती अकॅडमीतल्या पोराने आकडा वाढवत बसण्यापेक्षा पायरी वाढवावी, हा त्याचा सरळ अर्थ.

खुराक

तालमीतला खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई. आज खुराक म्हणजे डबा, आणि डब्यावर फुगलेल्या छातीचं चित्र. प्रथिनांवर झालेल्या ४९ प्रयोगांची एकत्रित छाननी २०१८ साली प्रसिद्ध झाली. रोज शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनांपर्यंत स्नायूंना उपयोग होतो, त्यापुढे जास्तीचा लाभ दिसत नाही, असा तिचा निष्कर्ष. जास्तीच्या प्रथिनांमुळे पडलेली भर सरासरीने ३०० ग्रॅमच्या घरात होती. बाकीचं काम व्यायामानेच केलेलं.

साठ किलोंच्या माणसाला हे रोजचे शहाण्णव ग्रॅम झाले. दोन अंडी बारा, अर्धा लिटर दूध सोळा, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या सव्वीस, मूठ-दीड मूठ शेंगदाणे बारा, पन्नास ग्रॅम डाळ बारा, आणि दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी वीस. बेरीज अठ्ठ्याण्णव. यात डबा कुठेच आला नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेतही अंग भरण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा, असाच सल्ला आहे. ज्याला वेळेअभावी किंवा भूक मंद म्हणून ताटातून एवढं जमत नाही, त्याला पावडर ही सोय आहे, एवढंच. मूत्रपिंडाचा विकार असेल त्याने मात्र यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

आरशासमोरचे गैरसमज

‘छाती सुटली आहे, पुशअपने आत जाईल ना?’ हा प्रश्न लाजत विचारला जातो. एका जागेच्या व्यायामाने तिथलीच चरबी जळते, असं होत नाही. चरबी उतरते ती अंगभर, आहार आणि एकूण हालचालीने. दुसरं म्हणजे पुरुषांच्या छातीचा उभार दर वेळी चरबीचा नसतो. स्तनग्रंथीच वाढलेली असू शकते. वयात येताना अनेक मुलांची ती वाढते आणि बहुतेकांची आपोआप ओसरते. स्तनाग्रामागे रबरासारखी गाठ लागत असेल, दुखत असेल, तर जिमऐवजी डॉक्टर गाठावा.

दुसरा गैरसमज स्त्रियांबद्दलचा. छातीचा व्यायाम केला तर अंग पुरुषी होईल, अशी भीती घालतात. स्तन या स्नायूच्या वर बसलेले असतात, स्नायू त्यांच्या मागे. व्यायामाने स्तन लहानही होत नाहीत आणि मोठेही नाहीत. पुरुषांइतकं टेस्टोस्टेरॉन नसल्याने स्नायू तसा फुगतही नाही. वाढते ती ताकद, जी गॅसची टाकी सरकवताना आणि उतारवयात जमिनीवरून हात टेकून उठताना कामी येते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर वजन उचललं तर हात सुजेल, म्हणून बायकांना वर्षानुवर्षं बादलीसुद्धा उचलू देत नसत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवणाऱ्या स्त्रियांची हाताची सूज वाढली नाही, असं दिसलं.

तिसरा गैरसमज पोस्टरवरच्या छातीचा. ‘श्री’च्या स्पर्धांचे फलक पाहून आपण किती मागे आहोत हे ठरवणाऱ्यांनी १९९६चा एक प्रयोग जाणून घ्यावा. धडधाकट पुरुषांना दहा आठवडे भरपूर मात्रेत टेस्टोस्टेरॉन टोचलं. औषधाशिवाय व्यायाम करणाऱ्यांचं चरबीविरहित वजन सुमारे २ किलो वाढलं. औषध घेऊन व्यायाम न करणाऱ्यांचं ३.२ किलो, दोन्ही करणाऱ्यांचं ६.१ किलो. सुईवर वाढलेल्या छातीशी घामावर वाढलेली छाती ताडून बघणं म्हणजे एसटीच्या वेळापत्रकाने विमानाची वाट पाहणं. आणि सुईचं बिल मागाहून येतं: शरीराचं स्वतःचं संप्रेरक बंद पडतं, वृषणं आक्रसतात, हृदयाचा स्नायू जाड होतो. त्यावर कडी म्हणजे जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं शरीरात इस्ट्रोजेन होतं आणि पुरुषाच्या छातीत स्तनग्रंथी वाढते. छातीसाठी घेतलेली सुई छातीच बिघडवते.

तळहात मागे बघतात तेव्हा

विशीत मीही सोमवारच्या रांगेत होतो. जिमच्या कार्डावर माझ्या आठवड्यात छाती तीनदा होती आणि पाठ कुठेतरी शनिवारी, वेळ उरला तर. आठ-नऊ महिन्यांनी माळ्यावरचा डबा काढायला हात वर केला आणि खांद्यात सुरी फिरल्यासारखं झालं. फिजिओथेरपिस्टने आधी काहीच दाबून पाहिलं नाही. म्हणाली, ‘हात सैल सोडून नुसते उभे राहा.’ मग माझे तळहात मलाच दाखवले. ते मांड्यांकडे बघायला हवे होते; दोन्ही मागे बघत होते, माकडासारखे. दंड आत वळवणारा स्नायू दोन्हीकडून ओढत होता आणि बाहेर वळवणाऱ्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. पोक आणि दुखणं यांचं नातं आपल्याला वाटतं तितकं सरळ नाही, हे तिनेच सांगितलं. पण तीन महिने तिने माझ्याकडून फक्त ओढण्याचे व्यायाम करून घेतले, आणि बेंच परत सुरू झाला तेव्हा खांदा गप्प होता.

याहून गंभीर म्हणजे छातीचा स्नायू तुटणं. वैद्यकात त्याची पहिली नोंद १८२२ची, पॅरिसमधली. रुग्ण होता खाटकाच्या दुकानातला पोरगा, आकड्याला लटकलेला मांसाचा जड तुकडा उतरवताना जखमी झालेला. आज ही दुखापत सर्वाधिक बेंचप्रेसवर होते, बहुधा वीस ते चाळीस वयाच्या पुरुषांना, आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत तिचं प्रमाण अधिक आढळतं. दांडा खाली छातीपाशी येतो तेव्हा कंडरेच्या पिळात मागून वर चढलेले ते खालचे तंतू सर्वांत जास्त ताणले जातात, आणि आधी तेच तुटतात. ‘टक्’ असा आवाज येतो, काखेपासून दंडापर्यंत काळंनिळं पडतं, काखेची पुढची कड सपाट दिसू लागते. असं झालं तर मालीश नको. शस्त्रक्रियेचा निर्णय जितका लवकर तितका बरा. आणि चाळिशी ओलांडलेल्याने व्यायामात छाती आवळून आली, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकलं, तर स्नायू दुखावला असं स्वतःच ठरवू नये.

ढकलणं आणि ओढणं यांच्या बिघडलेल्या तोलावरचा बहुतेक मार्गदर्शकांचा उपाय तालमीच्या यादीशी जुळतो: ढकलण्याचा एक सेट तर ओढण्याचाही एक. जिममध्ये रोइंग आणि पुलअप आहेत. घरी पाण्याने भरलेली बादली वाकून एका हाताने कमरेपर्यंत ओढता येते. गावात आडावरून पाणी शेंदणाऱ्या बाईची पाठ याच कामाने घडलेली असायची.

पुन्हा भरतीच्या मैदानावर जाऊ. ७८वर अडलेल्या पोराला उरलेला सेंटिमीटर पुशअपमधूनच मिळेल असं नाही. पाठीचे रुंद स्नायू काखेखालून पसरतात आणि टेप त्यांच्यावरूनच जातो. आंब्याच्या फांदीला किंवा मैदानातल्या लोखंडी बारला लटकून मारलेले पुलअप त्या मापात भरतात. फुगवण्याचे पाच सेंटिमीटर तर स्नायूचे नाहीतच. ते बरगड्या किती मोकळ्या उघडतात आणि श्वास किती खोल जातो याचे. पुलओव्हर मारून मोठ्या माणसाच्या बरगड्यांचा पिंजरा रुंदावतो, असं जुने लोक सांगत. त्याला भक्कम पुरावा नाही. धावणं आणि श्वास पूर्ण भरण्याचा सराव मात्र त्याच्या हातात आहे.

जिममधल्यासाठी सूचना त्याहून सोपी. सोमवारी सातला बेंचसमोर रांग असते, तेव्हा मागच्या कोपऱ्यातलं ओढायचं मशीन बहुतेक वेळा रिकामं असतं. चार सेट तिथे मारावेत. तोवर बेंच मोकळा होतो.